बडोद्याच्या विद्यापीठात चित्र, शिल्प, गाणं आणि नाच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याबद्दल काहीही लिहिलं की त्याच पंधरा-वीस शंका परत परत येतात. पाठवणारे बहुतेक मराठी असतात आणि बहुतेकांच्या घरात कुणी ना कुणी बडोद्याला राहिलेलं असतं, त्यामुळे अर्धे प्रश्न ऐकीव गोष्टींतून आलेले असतात. सगळी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. आपण नेमकं कोणत्या विद्यापीठाबद्दल बोलतोय?

महाराजा सयाजीराव विद्यापीठ, बडोदे. लोक त्याला 'एम. एस. युनिव्हर्सिटी' म्हणतात आणि रिक्षावाले नुसतं 'युनिव्हर्सिटी'. स्थापना 30 एप्रिल 1949 ची. दुसऱ्याच दिवशी, 1 मे 1949 ला, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. म्हणजे हे विद्यापीठ संस्थानाचं शेवटचं मोठं काम आहे, आणि ते जेमतेम वेळेत उरकलं.

विद्यापीठ नवं असलं तरी रिकामं नव्हतं. 1881 चं बडोदा कॉलेज, 1886 ची गायनशाळा, 1890 चं कलाभवन अशा जुन्या संस्था त्यात आल्या. ललितकलांची विद्याशाखा मात्र 1950 मध्ये नव्याने उभी केली गेली. हा फरक ध्यानात ठेवा, पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

2. 'कला शाखा' म्हणजे बी.ए.वालीच ना? मग चित्रकला त्यातच शिकवतात का?

नाही. हा घोटाळा आपल्या भाषेने केलेला आहे. दहावीनंतर 'आर्ट्सला गेला' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इतिहास, मराठी, मानसशास्त्र येतं. बडोद्यात ती वेगळी विद्याशाखा आहे. प्रचंड घुमटाची जी इमारत फोटोंत दिसते ती तिची, म्हणजे मूळच्या बडोदा कॉलेजची. चित्र-शिल्पवाली विद्याशाखा 'फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स'. ती पुष्पबाग नावाच्या आवारात आहे आणि तिथे घुमट वगैरे काही नाही.

गोंधळात भर म्हणजे सुरुवातीच्या काळात चित्रकारांना मिळणारी पदवीही 'बी.ए. (फाइन)' आणि 'एम.ए. (फाइन)' अशीच होती. त्या कंसातल्या एका शब्दावर सगळी भिस्त. जुन्या चित्रकाराच्या परिचयात 'एम.ए., बडोदा' वाचून तो साहित्याचा विद्यार्थी होता असं समजू नका.

3. हे सगळं सयाजीरावांनी सुरू केलं ना?

थेट नाही, आणि हे सांगितल्यावर लोक नाराज होतात. सयाजीराव तिसरे 6 फेब्रुवारी 1939 ला गेले. विद्यापीठ त्यानंतर दहा वर्षांनी आलं, त्यांचे नातू प्रतापसिंहराव गादीवर असताना. बडोद्याला स्वतःचं विद्यापीठ हवं ही इच्छा सयाजीरावांची होती आणि नावही त्यांचं दिलं गेलं. पण चित्रकलेच्या अभ्यासक्रमात काय असावं, शिक्षक कोण असावेत, हे ठरवणारी माणसं वेगळी होती (प्रश्न 7 आणि 8).

सयाजीरावांचं श्रेय दुसऱ्या ठिकाणी आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या या मुलाने गादीवर आल्यावर गावात इतक्या वस्तू आणि इतकी माणसं आणून ठेवली, की 1950 मध्ये कला शिकवायला बसलेल्यांना कोऱ्या पाटीवर सुरुवात करावी लागली नाही. संग्रहालय होतं, ग्रंथालय होतं, गवई होते, नर्तक होते, भिंतीवर चित्रकार नंदलाल बोस होते (प्रश्न 5).

4. दादासाहेब फाळके याच फाइन आर्ट्सचे विद्यार्थी ना?

फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर 1890 च्या सुमारास ते इथे आले, तैलचित्र, जलरंग, वास्तुकला, मूर्तिकाम असं बरंच काही गिरवलं आणि कॅमेराही त्याच काळात हाती घेतला. फाइन आर्ट्स फॅकल्टी त्यानंतर साठ वर्षांनी निघाली. तेव्हा 'बडोद्याचे विद्यार्थी' म्हणा, चालेल. 'फॅकल्टीचे' म्हणू नका.

खरी गंमत पुढे आहे. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने निघालेलं कलाभवन ही मुळात तंत्रशिक्षणाची शाळा होती. रंगाई, विणकाम, यंत्रकाम यांच्या शेजारी चित्रकला. 'कला' हा शब्द तेव्हा 'हुन्नर' या अर्थाने वापरला गेला होता. म्हणूनच 1949 मध्ये विद्यापीठात आल्यावर कलाभवनाची झाली इंजिनिअरिंग आणि तंत्रज्ञानाची फॅकल्टी! नावात कला असलेल्या इमारतीत इंजिनिअर, आणि चित्रकार पुष्पबागेतल्या बंगल्यात. बडोद्यात पत्ता विचारताना हे ठाऊक असलेलं बरं.

5. मग शांतिनिकेतनचं कलाभवन आणि बडोद्याचं कलाभवन यांचा संबंध काय?

नावापलीकडे काही नाही. शांतिनिकेतनचं कलाभवन 1919 चं, रवींद्रनाथांच्या कल्पनेतलं आणि नंदलाल बोस यांनी घडवलेलं. बडोद्याचं त्याच्या 29 वर्षं आधीचं आणि वेगळ्या जातकुळीचं.

पण *शांतिनिकेतनाचा* आणि *फाइन आर्ट्स फॅकल्टीचा* संबंध अगदी रक्ताचा आहे. 1936 मध्ये बांधलेल्या कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाडांच्या स्मृतिमंदिरात, भिंती रंगवायला खुद्द नंदलाल बोस आले. 1939 ते 1946 या काळात टप्प्याटप्प्याने चार भिंती झाल्या: गंगावतरण, मीरेचं आयुष्य, रवींद्रनाथांच्या नाटकावरून 'नटीर पूजा', आणि महाभारत युद्ध. विद्यापीठ येण्याआधीच शांतिनिकेतन असं गावात येऊन बसलं होतं. पुढे शिक्षकही तिथून आले, ते प्रश्न 8 मध्ये.

6. राजा रविवर्मा तिथे शिकवायचे का?

नाही. ते 1906 मध्ये वारले. दरबारासाठी त्यांनी केलेली पौराणिक चित्रं आज महाराजा फतेसिंह संग्रहालयात बघायला मिळतात, एवढाच धागा. उलट पहिल्या पिढीतल्या शिक्षकांना रविवर्मा पद्धतीपासून लांबच जायचं होतं. रविवर्म्यांकडे पुन्हा आस्थेने बघणं बडोद्यात फार नंतर सुरू झालं.

7. हंसा मेहतांचं नाव सारखं येतं. त्या तर राजकारणातल्या ना?

त्या पहिल्या कुलगुरू, 1949 ते 1958. संविधान सभेच्या सदस्य होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणाऱ्या शब्दांऐवजी 'सर्व मानव' असे शब्द आले ते त्यांच्या आग्रहाने, ही गोष्ट बहुतेकांनी वाचलेली असते. त्याआधी मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्याही त्या कुलगुरू होत्या. मुलगे आणि मुली एकत्र शिकतात अशा भारतातल्या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री कुलगुरू त्या बडोद्यात झाल्या. शिवाय त्या इथल्याच: वडील मनुभाई मेहता बडोद्याचे दिवाण होते, आणि पती जीवराज मेहता बडोद्याचे मुख्य प्रधान, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री.

कलांच्या दृष्टीने त्यांचं महत्त्व एका निर्णयात आहे. नव्या विद्यापीठापुढे पैशाची शंभर मागणी असते. इंजिनिअरिंगला यंत्रं हवीत, विज्ञानाला प्रयोगशाळा. अशा वेळी त्यांनी गृहविज्ञान, समाजकार्य आणि ललितकला या तीन विद्याशाखा पहिल्या दोनेक वर्षांत उभ्या केल्या. त्या काळात या तिन्हींना 'हे काय विद्यापीठात शिकायचे विषय झाले?' असंच कुणीही म्हटलं असतं. स्वतः गुजरातीत शेक्सपिअर आणणाऱ्या बाईंना ते विषय वाटले.

8. पहिले शिक्षक कोण होते?

पहिले डीन मार्कंड भट्ट. ते अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या बार्न्स फाउंडेशनमध्ये शिकून आले होते. तिथला भर चित्र बघायला शिकण्यावर. रेषा, रंग, अवकाश यांचं नातं समजून घ्यायचं, नुसती गोष्ट वाचायची नाही. चित्र काढणाऱ्याला चित्राबद्दल विचारही करता आला पाहिजे हा बडोद्याचा हट्ट इथून आला असं माझं मत आहे.

चित्रकला विभागाला नारायण श्रीधर बेंद्रे. इंदूरचे मराठी, जन्म 1910. इंदूरला देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झाले (हुसेनही त्याच शाळेतले), मग मुंबईचा डिप्लोमा, मग देशभर भटकंती, शांतिनिकेतनात मुक्काम, 1947-48 मध्ये अमेरिका. निसर्गचित्रकार म्हणून मुंबईत चांगलं नाव झालेलं असताना 1950 मध्ये ते बडोद्यात आले. वर्गात व्याख्यान देण्यापेक्षा विद्यार्थ्यांदेखत चित्र करून दाखवणं ही त्यांची पद्धत. चाळिशीत पोचलेला, विकला जाणारा चित्रकार विद्यार्थ्यांसमोर घनवादाचे (क्युबिझमचे) प्रयोग करतो, काही जमतात, काही नाही, आणि पोरं ते उघड्या डोळ्यांनी बघतात. याहून चांगला अभ्यासक्रम कागदावर लिहिता येत नाही. बेंद्रे 1959 ते 1966 डीन होते.

शिल्पकलेला शंखो चौधुरी. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांचे शिष्य. आकार साधा करत करत नेमक्या वळणावर आणून सोडायचा ही त्यांची हातोटी. राघव कनेरिया, नागजी पटेल, महेंद्र पंड्या ही नावं त्यांच्या विभागातून आली.

1951 मध्ये के. जी. सुब्रमण्यन आले. केरळात जन्म, 1942 च्या चळवळीत तुरुंगवास, मग शांतिनिकेतन. मधली दोनेक वर्षं त्यांनी मुंबईत हातमाग मंडळात डिझाइनचं काम केलं (1959-61), आणि परत आले ते कारागिरांकडून काय शिकता येईल हा प्रश्न घेऊनच. त्याचं फळ प्रश्न 15 मध्ये.

मुंबईची शिस्त, शांतिनिकेतनचा मोकळेपणा आणि अमेरिकेतून आलेली विश्लेषणाची सवय अशी ही मिसळ होती. ती नेहमी गोडीगुलाबीने राहिली असेल असं समजण्याचं कारण नाही.

9. मुंबईत जे. जे. होतं. मग बडोद्याला जाण्यात काय हशील?

हा प्रश्न 1950 मध्ये आईबापांनीही विचारला असणार. जे. जे. 1857 चं, दबदबा मोठा. पण तिथून मिळायचा तो सरकारी डिप्लोमा, 'जी. डी. आर्ट'. संस्था सरकारी खात्याच्या ताब्यात, परीक्षा सरकारी, आणि पुढची नोकरी बहुतेक ड्रॉइंग मास्तरची किंवा जाहिरात कंपनीतली. (यात कमीपणा काही नाही. महाराष्ट्रातल्या शाळांना ड्रॉइंग शिकवणारी पिढी जी. डी. आर्टनेच दिली.)

बडोद्यात फरक तीन ठिकाणी होता. एक, पदवी. चित्रकार भौतिकशास्त्राच्या पदवीधराच्या रांगेत उभा राहिला, आणि पुढे एम.ए. करून कॉलेजात शिकवायला लागला. दोन, कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र ही तोंडी लावायची गोष्ट नव्हती. त्याचा स्वतंत्र विभाग झाला आणि चित्रकारांनी तो विषय मनापासून घेतला. गुलाममोहम्मद शेख 1955 मध्ये सुरेंद्रनगरहून चित्रकला शिकायला आले आणि 1960 पासून तिथे कलेचा इतिहास शिकवू लागले. काश्मीरहून आलेले रतन परिमू चित्रकार होते आणि पुढे नावाजले कला-इतिहासकार म्हणून. तीन, शिक्षणाचं माध्यम इंग्रजी. गुजरातच्या मध्यभागी असूनही वर्गात काश्मीर, केरळ, महाराष्ट्र, बंगाल एकत्र बसू शकले ते त्यामुळे. गुलाम रसूल संतोष, त्रिलोक कौल हे काश्मीरचे चित्रकार पन्नाशीच्या दशकात बेंद्र्यांकडे शिकायला आले होते.

आणखी एक गोष्ट पत्रकात कुठे छापत नाहीत: बडोदे स्वस्त होतं आणि लहान होतं. मुंबईत लोकल पकडण्यात जाणारा वेळ इथे स्टुडिओत जायचा.

10. 'भारतातली कलेची पहिली पदवी बडोद्याने दिली' हे खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं, पण शब्द जपून वापरा. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठाची एक पूर्ण विद्याशाखा म्हणून ललितकला उभी करून तिची पदवी देण्यात बडोदे आघाडीवर आहे. 'भारतातलं पहिलं कला महाविद्यालय' म्हटलंत तर ते साफ चूक. मद्रास, कलकत्ता, मुंबईच्या शाळा शंभर वर्षं जुन्या होत्या. आणि शांतिनिकेतनात कला जगण्याचाच भाग होती, पण विश्वभारतीला कायद्याने केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला 1951 मध्ये. 'पहिलं' कोण हे तुम्ही काय मोजता त्यावर ठरतं.

11. संग्रहालयाचा आणि फाइन आर्ट्सचा काय संबंध?

कागदोपत्री थोडा, प्रत्यक्षात पुष्कळ. सयाजीबागेतलं (जुने लोक कमाटीबाग म्हणतात) संग्रहालय 1894 चं. शेजारची चित्रदीर्घा 1914 पर्यंत बांधून झाली, पण युरोपातून घेतलेली चित्रं पहिल्या महायुद्धात अडकली आणि दालन उघडलं 1921 मध्ये. परिणाम असा, की 1950 चा विद्यार्थी सायकलवर टांग मारून पाच मिनिटांत युरोपीय तैलचित्रांसमोर उभा राहू शकत होता. बाकीच्या देशात त्याच वयाची मुलं पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या छापावरून रंग ओळखत होती.

संग्रहालयाचे प्रमुख होते हेरमान गोट्झ, नाझी जर्मनीच्या काळात युरोप सोडून आलेले कला-इतिहासकार. नव्या विद्याशाखेत कलेतिहासाला बळ मिळण्यात त्यांच्या बडोद्यातल्या वास्तव्याचा हात होता. 1954 मध्ये दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय उघडलं तेव्हा त्याची धुरा त्यांच्याकडेच गेली. आणि 1951 मध्ये शहरालगतच्या अकोट्यात जैन धातुमूर्तींचा मोठा साठा सापडला, तोही याच संग्रहालयात आला. शिल्पकलेच्या विद्यार्थ्याला दारात आणखी काय हवं?

12. संगीत महाविद्यालय विद्यापीठापेक्षा जुनं कसं?

कारण ते विद्यापीठाने काढलंच नाही. 1886 मध्ये सयाजीरावांनी उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा दिली. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखन पद्धत बसवली होती, म्हणजे गाणं कागदावर लिहून वर्गात शिकवता येईल असं त्यांना वाटत होतं. गुरूच्या घरी पाणी भरून विद्या मिळवण्याच्या काळात हे धाडस होतं. (सुफी संत म्हणून पाश्चात्त्य जगात पोचलेले इनायत खाँ त्यांचे नातू, जन्म बडोद्याचा, 1882.)

मार्च 1916 मध्ये पंडित भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली तीही बडोद्यातच. वकिलीचं शिक्षण घेतलेला मुंबईचा मराठी माणूस घराण्यांच्या उस्तादांना एका मंडपात बसवून रागांच्या नियमांवर बोलायला लावतो, हे चित्र मला फार आवडतं. कोण किती मोकळेपणाने बोललं असेल ते सोडा. दरबारगायक फैयाज खाँ, आग्रा घराण्याचे, बडोद्यातच राहिले आणि 5 नोव्हेंबर 1950 ला इथेच गेले. विद्यापीठ तेव्हा दीड वर्षाचं होतं.

1949 मध्ये गायनशाळेचा वारसा विद्यापीठात आला, पुढे नृत्य आणि नाट्यही जोडलं गेलं, आणि भारतीय संगीत, नृत्य व नाट्य महाविद्यालय असं तिचं रूप झालं. आर. सी. मेहतांनी प्राचार्य म्हणून अनेक वर्षं ते सांभाळलं आणि संगीतात संशोधनाची शिस्त आणली.

चित्रकलेच्या आणि संगीताच्या गोष्टीत मोठा फरक इथे आहे. चित्रकारांना परंपरा *निवडायची* होती, कारण त्यांची विद्याशाखा कोरी होती. गाणाऱ्यांना परंपरा *आवरायची* होती, कारण ती आधीच वर्गात येऊन बसली होती आणि तिला वेळापत्रक मान्य नव्हतं. यमन पंचेचाळीस मिनिटांच्या तासात बसवायचा कसा, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

13. गुजरातमध्ये भरतनाट्यम कुठून आलं?

लग्नातून! 1880 मध्ये सयाजीरावांचं लग्न तंजावरच्या मोहिते घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी झालं (त्या पहिल्या चिमणाबाई). त्यांच्याबरोबर तंजावरहून नर्तकी आणि साथीदारांचा ताफा बडोद्यात आला आणि दरबाराच्या पगारावर राहिला. तंजावरचे मराठे आणि बडोद्याचे मराठे यांच्या सोयरिकीमुळे दक्षिणेतला नाच साबरमती-नर्मदेच्या मुलखात पोचला.

1950 मध्ये विद्यापीठाने नृत्याचं शिक्षण सुरू केलं तेव्हा त्या ताफ्याचा वारसा शहरातच होता. अप्पास्वामी आणि कांतिमती यांचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर यांनी पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या बडोद्यात शिकवली. आडनावातला '-कर' पाहा. तमिळ घराणं, मराठी राज्यात राहून, गुजरातमध्ये, मराठी धाटणीचं आडनाव लावतं. देवदासी प्रथेवर कायदे येत होते, नाचाकडे बघायची नजर बदलत होती, अशा वेळी चांगल्या घरातल्या मुली विद्यापीठात पदवीसाठी हा नाच शिकू लागल्या. ज्या घराण्यांनी तो जपला त्यांचा मान त्याच प्रमाणात वाढला का, हा प्रश्न बडोद्यातही विचारायला हवा.

14. आणि नाटक?

नाट्यविभागही 1950 च्या आसपासचा. गुजराती नाटककार चंद्रवदन मेहता यांचा त्याच्याशी जवळचा संबंध. मराठी नाटकांचे दौरे बडोद्याला येत आणि गावात हक्काचा प्रेक्षक होता, पण विभाग गुजराती रंगभूमीकडे वळलेला राहिला आणि ते रास्तच होतं.

15. 'फाइन आर्ट्स फेअर' ही काय भानगड? घरचे त्याचीच आठवण काढतात.

1961 मध्ये सुरू झालेला मेळा. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून खेळणी, मुखवटे, कापडावरची छपाई, मातीची भांडी, कंदील असं सगळं करत आणि स्वस्तात विकत, त्यातून विद्यार्थ्यांसाठी पैसा उभा राही. सुब्रमण्यन यांनी त्यासाठी लाकडाची खेळणी केली, मणी, दोरी, कातड्याचे तुकडे लावलेले प्राणी. आज ती खेळणी संग्राहकांच्या कपाटात आहेत. तेव्हा ती बडोद्यातल्या पोरांनी दाराशी ओढत नेऊन मोडली. तुमच्या माळ्यावर एखादं उरलं असेल तर फेकू नका.

मेळ्याला मी नुसती गंमत मानत नाही. 'मोठी कला' आणि 'हस्तकला' हा भेद शिक्षकांना खटकत होता आणि तो वर्गात भाषण देऊन जात नव्हता. हाताला सुतारकाम लावल्यावर थोडा गेला. ज्योती भट्ट हे पहिल्या तुकड्यांतले विद्यार्थी, नंतर शिक्षक. त्यांनी गुजरात-राजस्थानातल्या घरांच्या भिंतींवरच्या लोकचित्रांचे फोटो वर्षानुवर्षं काढले, ते याच वातावरणातून.

16. 'बडोदा ग्रुप' आणि 'ग्रुप 1890' एकच का?

नाही. बडोदा ग्रुप 1956 चा. बेंद्रे, सुब्रमण्यन आणि त्यांचे विद्यार्थी, म्हणजे ज्योती भट्ट, शांती दवे, संतोष, परिमू वगैरे. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत प्रदर्शन केलं, आणि गुरू-शिष्य एकाच भिंतीवर चित्रं लावतात याची चर्चा झाली.

ग्रुप 1890 हा 1962 मध्ये भावनगरला ठरला. त्यात जेराम पटेल, हिम्मत शाह, ज्योती भट्ट, कनेरिया, शेख असे बडोदेकर पुष्कळ होते, पण सूत्रधार चित्रकार जे. स्वामीनाथन दिल्लीचे. एकच प्रदर्शन, दिल्लीत, 1963 मध्ये; उद्घाटन नेहरूंनी केलं आणि पत्रिकेत मेक्सिकोचे कवी ऑक्टाव्हिओ पाझ यांनी लिहिलं. '1890' हा भावनगरच्या ज्या घरात बैठक झाली त्याचा क्रमांक. कलाभवनाचं स्थापनावर्षही तेच (प्रश्न 4), पण तो निव्वळ योगायोग. यावर लेख लिहिणाऱ्यांनी कृपया थांबावं.

17. 'बडोदा शैली' असं काही असतं का?

सुरुवातीच्या काळात तरी नव्हतं. बेंद्र्यांच्या वर्गातून निघालेले बरेच जण अमूर्ताकडे गेले, काही घनवादाकडे, ज्योती भट्ट मुद्राचित्रणाकडे (प्रिंटमेकिंगकडे), हिम्मत शाह शिल्पाकडे. माणसं, गल्ल्या, दुकानं, गोष्टी असलेली चित्रं म्हणजे 'बडोदा' हे समीकरण सत्तरीच्या दशकात आणि त्यानंतर रुजलं. त्यात शेख होते, आणि भूपेन खक्कर होते. खक्कर मुंबईचे चार्टर्ड अकाउंटंट, 1962 मध्ये बडोद्याला कलासमीक्षा शिकायला आले आणि चित्रकार होऊन बसले. असा माणूस तिथे मावला, एवढी एक 'शैली' मी मान्य करतो.

18. यात मराठी माणसांचा वाटा किती?

हा प्रश्न वेगवेगळ्या सुरांत येतो, कधी अभिमानाने, कधी 'आपलं श्रेय घालवलं' अशा तक्रारीने. मोठा वाटा आहे: राज्यकर्ते मराठी, बेंद्रे मराठी, परिषद भरवणारे भातखंडे मराठी, श्रोते आणि विद्यार्थी दांडिया बाजारातल्या मराठी घरांतले. पण डीन भट्ट गुजराती, कुलगुरू गुजराती, शिल्पविभाग बंगाली हातात, सुब्रमण्यन केरळचे, गवई आग्र्याचे, नर्तक तंजावरचे, संग्रहालय जर्मन माणसाकडे. गायिका हिराबाईंनी 'बडोदेकर' हे नाव लावलं आणि गाणं पुण्या-मुंबईत केलं. कुठला धागा कुणाचा हे मोजत बसलात तर कापड उसवेल.

19. 'सुरुवातीचा काळ' कधी संपला असं धरायचं?

मी 1966 धरतो. बेंद्र्यांनी त्या वर्षी राजीनामा दिला आणि ते मुंबईला गेले. काही जण 1970 म्हणतात, शंखो चौधुरी गेले म्हणून. काही जण 1980, सुब्रमण्यन शांतिनिकेतनला परतले म्हणून. 1969 मध्ये शेख आणि खक्कर यांनी 'वृश्चिक' नावाचं छोटं नियतकालिक काढलं. पूर्वीचे विद्यार्थी आता स्वतःच्या अंकातून डंख मारायला लागले होते, तेव्हा पहिली पिढी तोवर संपलीच होती म्हणायची.

20. एका दिवसात यातलं काय बघता येईल?

सकाळी कीर्तिमंदिर, नंदलालांच्या भिंतींसाठी. उघडं आहे का ते आधी विचारून घ्या. मग सयाजीबागेतलं संग्रहालय, अकोट्याच्या मूर्ती चुकवू नका. दुपारी राजवाड्याच्या आवारात फतेसिंह संग्रहालयात रविवर्मा. संध्याकाळी पुष्पबाग. तिथे विद्यार्थी काम करत असतात, तेव्हा फोटो काढण्याआधी विचारा. आणि रिक्षावाल्याला 'काळा घोडा' सांगितलंत तर तो तुम्हाला सयाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी सोडेल. मुंबईकरांनी दचकू नये; तिथून फाइन आर्ट्स चालत जाण्याच्या अंतरावर आहे.